“आता डोळे अलगद मिटा”... आणि माइक चालूच होता

सतरंजी

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. लिहायला बसलं की कुकरची शिट्टी होते आणि राहून जातं. आज घरात कुणी नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी सहाला माझा ऑनलाइन योगवर्ग असतो, चौदाजणी. पाच पंचावन्नला लॅपटॉप लावून, मॅट अंथरून मी तयार. तेवढ्यात चिरंजीव (वय ९) डोळे चोळत आले. “आई, आज शाळेत बुटाचा रिकामा खोका न्यायचाय.” आदल्या रात्री तीनदा विचारलं होतं, उद्याचं काही आहे का म्हणून. तीनदा “काही नाही” मिळालं होतं. त्यावर मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही, शेवटचं वाक्य तेवढं सांगते: “आता खोका काय माझ्या डोक्यातून काढू?” मग वळले, मॅटवर बसले, पाठ ताठ केली आणि वर्गाच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, “चला, सुखासनात बसूया. आता डोळे अलगद मिटा.”

पडद्यावर एकीचेही डोळे मिटेनात. दोघी तोंडावर हात धरून बसलेल्या. मग माझ्या लक्षात आलं, माइक आधीपासूनच चालू होता. शेवटी आमच्याच सोसायटीतल्या बी विंगच्या काकू म्हणाल्या, “अगं, खोका आहे माझ्याकडे. पाठव त्याला. आम्ही मिटतो आमचे आमचे डोळे.”

“तू योगा शिकवतेस ना, मग चिडतेस कशी?” हे वाक्य प्रत्येक योगशिक्षिकेने ऐकलेलं असतं. सासरी, माहेरी, पालकसभेत. दाताच्या डॉक्टरचा दात किडला तर त्याला कुणी खोटा म्हणत नाही. आमचं मात्र तसं नाही.

थोडी पार्श्वभूमी. मी चिंचवडची, अकरा वर्षं शिकवतेय. कॉलेजात असताना पाठ धरायची म्हणून आई मला एका बाईंच्या वर्गाला घेऊन गेली. बाई अय्यंगार पद्धतीच्या. (योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर शिकवायला म्हणून पुण्यात आले, ते कायमचे पुण्याचेच झाले. मॉडेल कॉलनीतली संस्था १९७५ची.) ज्यांनी हा वर्ग पाहिला नसेल त्यांना आधी तो सुतारकामाचा वर्ग वाटेल. भिंतीला दोर, लाकडी विटा, पट्टे, लोड, पाठ काढलेल्या लोखंडी खुर्च्या. आणि बाईंच्या आज्ञा: मागच्या पायाची बाहेरची कड दाब. गुडघ्याची वाटी वर ओढ. जीभ सैल सोड. जीभ! मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं की जीभही आवळलेली असू शकते.

लग्न, नोकरी, ती सोडून शिक्षकाचं प्रशिक्षण, स्वतःचा वर्ग, मग दिवस राहिले. आठव्या महिन्यापर्यंत शिकवत होते. पोटावर झोपून करायची आसनं, पोट आवळणारे पीळ, कपालभाती, श्वास रोखणं हे सगळं बंद. पुढेपुढे उताणं पडणंही बंद, शवासन डाव्या कुशीवर. बद्धकोणासनात तर मी भाजी निवडायचे. सगळं इतकं नियमात, की माझी प्रसूती सोपी होणार यावर सगळ्यांची पैज. बावीस तास कळा देऊन सिझर झालं.

“योगशिक्षिका असून सिझर?” हे किमान सहाजणांनी विचारलं. सातवी मी. परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटायचं, भेटायला येणाऱ्यांना मी आपणहून कारणं सांगत बसायचे. बाळाचे ठोके कमी झाले होते. ठोक्यांना काय माहीत आईने कुठला कोर्स केलाय?

आणि मग मी मूर्खपणा केला. चौथ्या महिन्यात एका रात्री फोनमध्ये माझाच जुना शीर्षासनातला फोटो दिसला. दुसऱ्या दिवशी बाळ झोपल्यावर भिंतीशी हातांवर उभी राहायला गेले. पाय वर गेले, पण पोटात आधारच नव्हता. मधला भाग मऊ कणकेसारखा, कंबर नुसती लोंबली. दहा दिवस वाकता येईना. बाळाला माझ्या मांडीवर आणून द्यायला आई लागायची. बाईंना फोन केला तर त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, “पाय भिंतीला लावून पडायचं. दुसरं काही करायचं नाही. महिन्याने फोन कर.”

महिनाभर मी भिंतीला पाय लावून पडले. जमेल तेव्हा, बारा मिनिटं. पतंजलींच्या योगसूत्रात अभ्यासाबद्दल ‘दीर्घकाळ’ आणि ‘नैरंतर्य’ असे दोन शब्द आहेत. त्यांचा मी लावलेला अर्थ होता रोज दीड तास, पहाटे, आंघोळ करून. आता नैरंतर्य म्हणजे बारा मिनिटं, केस विंचरलेले नाहीत, गाउनवर दुधाचा डाग, आणि शेजारी पडलेलं पोर छताकडे बघून हुंकार देतंय. ते रांगायला लागल्यावर तर माझ्या साहित्यावर त्याचाच ताबा. लोड म्हणजे घोडा. पट्टा म्हणजे बसमधली लटकायची कडी. लाकडी विटांचं पार्किंग, आणि अधोमुख श्वानासनातली मी म्हणजे बोगदा. खालून गाडी जाईपर्यंत आई हलू शकत नाही. आसनात एवढा वेळ मी त्याआधी कधीच थांबले नव्हते.

पण मला खरं सांगायचंय ते शिकवण्याबद्दल. सुरुवातीला मी वर्गात नुसती बोलायचे. बघत नव्हते. बाळंतपणानंतर वर्ग पुन्हा सुरू केला तेव्हा स्वतः करून दाखवायची ताकद नव्हती, म्हणून खुर्चीवर बसून सांगायचे. बसल्यावर माणसं दिसायला लागली. एक बाई होत्या, बँकेत नोकरी. त्रिकोणासन अगदी पुस्तकातल्यासारखं, पण पायाची बोटं जमिनीत नखं रुतवल्यासारखी आवळलेली. मी म्हटलं, बोटं सैल सोडा. त्यांनी सोडली आणि आसनातच डोळे भरून आले. काय झालं होतं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

त्यानंतर कित्येक वर्षांनी चिरंजीव टेबलापाशी भागाकार करत बसलेले. मी पोळ्या लाटत होते. “येतंय का रे?” “हो.” सहज खाली बघितलं तर खुर्चीखाली पायाची बोटं आवळलेली. अगदी तशीच. मी गॅस बंद केला, वही मिटली, आणि दोघांनी गरम पोळीचा तूपगूळ लावून रोल खाल्ला. हातचा घ्यायचा तो कसा, हेच त्याला दोन आठवडे कळलं नव्हतं. वर्गात विचारायची भीती वाटायची. ती बोटं मला दिसली नसती तर मी “हो” ऐकून पुढची पोळी लाटली असती.

शांत वगैरे मी झालेले नाही. फक्त राग कुठून येतो ते आता माहीत आहे. आधी मागच्या दाढा आवळतात, मग श्वास गळ्याच्या हाडापाशी अडतो, मग आवाज. दाढा आणि आवाज यांच्या मधे दोन-तीन सेकंद असतात. काही दिवस ती सापडतात. खोक्याच्या दिवशी नाही सापडली.

आणि एक. मध्यंतरी मी त्याच्याशी तो वर्गातला मधाळ आवाज वापरायला लागले होते. “बाळा, आपण दीर्घ श्वास घेऊया का?” त्याने एकदा कानांवर हात ठेवले. “तो वर्गाचा आवाज नको. साधं ओरड.”

तर इथे आणखी कोण कोण योग करतं, शिकवतं, आणि घरी मुलं आहेत? तुमचं कसं चाललंय?

—

डबेवाला_नवरा

धागा आवडला. मी आई नाही, योगशिक्षकही नाही, पण योगशिक्षिकेचा नवरा आहे, म्हणजे बाधित पक्षकार. बायकोचे सकाळी दोन वर्ग, साडेपाच ते साडेसात. तिच्या योगसाधनेचा माझ्यावर झालेला ठळक परिणाम: मला पोळ्या येतात. गोल नाही, पण फुगतात. दोन मुलींच्या वेण्याही येतात.

गंमत बाजूला. अशा चर्चेत “आईपण आणि योग” म्हणताना सकाळी सहाला घर कोण सांभाळतं हा मुद्दा नेहमी गळतो. आमच्याकडे पहिली दोन वर्षं ती वर्ग घेऊन यायची आणि मग डबे करायची. तेव्हा ती घरात जी चिडायची त्याला कुठलाही प्राणायाम पुरला नसता.

—

रिकामटेकडा_पंडित

योग म्हणा हो, ‘योगा’ नको. :) तुम्ही लेखात ‘योगा’ फक्त दुसऱ्यांच्या तोंडी घातलाय हे लक्षात आलं, त्याबद्दल आभार.

मूळ मुद्दा. पतंजलींच्या १९६ सूत्रांत (काही पाठांत १९५) आसनावर थेट अशी तीनच सूत्रं आहेत. त्याआधी यम-नियम, म्हणजे वागण्याचे नियम येतात, त्यात पहिला यम अहिंसा. त्यामुळे बोगदा, खुर्च्या, लोड हे ठीक, पण त्याला योग म्हणावं का? आणि “साधं ओरड” हा अहिंसेचा कुठला प्रकार?

—

चिंच_गूळ

@रिकामटेकडा_पंडित, अहिंसा म्हणाल तर माझ्या घरात ती जेवणाच्या ताटापाशी सुरू झाली. मुलगी तीन वर्षांची असताना मी तिच्या तोंडात वरणभात कोंबायचे. अक्षरशः गाल दाबून. आमच्या वर्गात सर एकदा एकीला पश्चिमोत्तानासनात म्हणाले, “डोकं गुडघ्याला लागलंच पाहिजे असं कोण म्हणालं? शरीर जिथे थांबलं तिथे थांबा.” मी घरी येऊन ताट पुढे केलं, तिने तोंड फिरवलं, आणि मला ते वाक्य आठवलं. चमचा खाली ठेवला. सासूबाई म्हणाल्या, पोर उपाशी राहील. नाही राहिली. तासाभराने चुरमुरे मागितले. एवढंच. पण पहिला यम मला वरणभाताने शिकवला.

—

पन्नाशीची_पोर

मी नागपूरची. लग्न होऊन १९८१ मध्ये रामनगरजवळ राहायला आले. योगाभ्यासी मंडळ सुरू करणारे जनार्दनस्वामी १९७८ सालीच गेले, त्यामुळे त्यांना पाहिलं नाही, पण मंडळाचे वर्ग जोरात होते. पैसे नाहीत. तेव्हाही नव्हते, आताही नाहीत. या, सतरंजी आणा, बसा. (धागाकर्तीचं नाव वाचून म्हणूनच आत आले.)

सासूबाईंनी सोडलं ते फक्त पैसे पडत नव्हते आणि वर्ग बायकांचा वेगळा होता म्हणून. मी दोन लेकरं घरी ठेवून जायची. तो एक तास माझ्या आयुष्यातला पहिला असा तास, ज्यात मला कुणी “आई” किंवा “सूनबाई” म्हणत नव्हतं. आसनं किती आली देव जाणे. नंतर पंचवीस वर्षं मी स्वतः शिकवलं, तेही फुकट. त्यामुळे आताच्या फिया ऐकून थोडं चमकायला होतं, राग मानू नका.

एक आठवण. धाकटा सात वर्षांचा असताना गॅलरीतल्या वाळवणात पाय देऊन माझे कुरडयांचे सगळे चिवडे करून राहिला होता. मी हात उचलला. त्याने पटकन डोळे मिटले आणि मांडी घातली. म्हणाला, “आई, मी ध्यान करतोय, आता मारता येत नाही.” कार्टं आता चाळीस वर्षांचं आहे.

—

सतरंजी

@पन्नाशीची_पोर, कुरडया! हसून हसून पुरेवाट. फीचा मुद्दा रास्त आहे. मंडळाचं काम मोठंच, पण मी घरभाड्यातला वाटा उचलते, त्यामुळे मला परवडणार नाही. आणि फुकट शिकवायला लोक अजूनही बोलावतात, विशेषतः २१ जूनला. आंतरराष्ट्रीय योग दिवसाचा ठराव डिसेंबर २०१४ मधला, पहिला दिवस साजरा झाला २०१५ साली. तेव्हापासून दर जूनमध्ये सोसायट्या, कंपन्या, नगरसेवक सगळ्यांचे फोन. पूर्वी शाल-श्रीफळ मिळायचं, आता तुळशीचं रोप. माझ्या गॅलरीत सात तुळशी आहेत. चिरंजीवांच्या लेखी २१ जून म्हणजे “आई घरी नसते तो दिवस”.

@डबेवाला_नवरा, तुमचा मुद्दा शंभर टक्के. माझ्या लेखात नवरा कुठेच नाही हे मला तुमच्या प्रतिसादानंतर दिसलं. तो रात्रपाळीचा आहे, सकाळी साडेसातला येतो. खोक्याच्या वेळी तो घरी असता तर ओरडणं त्याच्या वाट्याला गेलं असतं.

@रिकामटेकडा_पंडित, “साधं ओरड” हे सत्यात बसवा की! अहिंसेनंतरचा दुसराच यम आहे.

—

हाडांची_डॉक्टरीण_नाही

मी फिजिओथेरपिस्ट आहे, डॉक्टर नाही, म्हणून हे नाव. चौथ्या महिन्यात हातांवर उभं राहण्याचा किस्सा वाचून तोंडातून शिवी आली, क्षमस्व.

इथे वाचणाऱ्या नव्या आयांसाठी. गरोदरपणात पोटाच्या मधोमध असलेले दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात, मधला पडदा ताणला जातो. बऱ्याचजणींत तो काही महिन्यांत आपोआप सावरतो, सगळ्यांत नाही. घरी बघायचं तर उताणं झोपा, गुडघे वाकवा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून बघा. दोनापेक्षा जास्त बोटं आत जात असतील, किंवा मधे उभा फुगवटा येत असेल, तर नौकासन, सिट-अप्ससारखे पोटाचे व्यायाम, चक्रासन, कपालभाती हे सगळं थांबवून आधी दाखवून घ्या. सिझर झालं असेल तर टाके वरून भरले तरी आतले थर भरायला जास्त वेळ लागतो.

दुसरं, कुणी बोलत नाही ते. खोकताना, शिंकताना, सूर्यनमस्कारात उडी मारताना लघवीचे थेंब येणं हे ‘मुलं झाल्यावर होतंच’ असं नाही. पुष्कळजणींना होतं हे खरं, पण त्यावर उपाय असतो. आणि सरसकट “मूलबंध लावा”, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळा, हाही उपाय नव्हे. काहींचे ते स्नायू ढिले नसून उलट सतत आवळलेले असतात, त्यांना आधी सोडायला शिकवावं लागतं. सतरंजीबाईंच्या पायाच्या बोटांसारखंच. माझ्याकडे येणाऱ्यांत योगशिक्षिकाही असतात आणि त्या सगळ्यात उशिरा येतात.

—

थंडीतली_माऊ

मी जर्मनीत, इथे दोन्ही बाळंतपणं. इथे बाळंतपणानंतर ‘र्‍यूकबिल्डुंग’ म्हणून व्यायामाचा कोर्स असतो, सरकारी आरोग्यविम्यातून दहा तास मिळतात. सुईण (हेबामे) पहिले काही आठवडे घरी येते, बाळ बघते, टाके बघते, आईलाही विचारते रडू येतं का म्हणून. मी इथल्या योगवर्गात शिकवतेही. जर्मन बायका “उज्जायी” (घशातून आवाज करत घ्यायचा श्वास) फार मन लावून म्हणतात, फक्त य चा उच्चार ऐकून पहिल्या दिवशी मला कुणीतरी शिंकलं असं वाटलं होतं.

पण खरं सांगू? पहिल्या वेळी आई येऊ शकली नाही. दहा तासांच्या कोर्सने पोट सुधारलं, पण मला हवा होता शेक, मालिशवाल्या बाईंचा तेलकट हात, अळिवाची खीर आणि सव्वा महिना कुणीतरी “तू झोप” म्हणणं. योगात ज्याला आपण विश्रांती म्हणतो ती आपल्या आज्यांनी बाळंतिणीसाठी आधीच करून ठेवली होती, फक्त त्याला नाव संस्कृत नव्हतं. अर्थात त्या काळोख्या खोलीत चाळीस दिवस कोंडून ठेवणं, पाणी कमी प्यायला देणं हेही त्यातच होतं, ते मला नकोच.

—

निनावी_आज

नेहमीच्या नावाने लिहवत नाही. मला मुलगी झाल्यावर तीन महिने काही सुधरत नव्हतं. मी स्वतः योगाचा पदविका अभ्यासक्रम केलेला. सगळे सांगायचे, तुला तर येतं सगळं, अनुलोम-विलोम कर, ध्यान कर. डोळे मिटले की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं आणि नको नको ते विचार यायचे. मी वर्गात ज्या सूचना द्यायचे त्याच मला टोचायच्या. शेवटी बहिणीने मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. औषधं सुरू झाली, स्तनपान चालू ठेवता येईल अशी बघून दिली. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा नीट झोप लागली.

आता पुन्हा शिकवते. पण डोळे मिटा असं कुणाला सांगत नाही. “वाटलं तर मिटा, नाहीतर समोरच्या खिडकीकडे बघा” असं म्हणते. खिडकीकडे बघणाऱ्या बायका दर वर्गात दोन-तीन तरी असतात.

—

सतरंजी

@निनावी_आज, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री दोनदा वाचला. आज सकाळी वर्गात “डोळे अलगद मिटा” तोंडावर आलं होतं, ते बदलून तुमचं वाक्य वापरलं. चौदातल्या पाचजणींनी मिटले नाहीत. त्यात एक मागे ज्या बँकेतल्या बाईंबद्दल लिहिलं त्या. अकरा वर्षं मी त्या सगळ्यांना डोळे मिटायला सांगतेय.

@हाडांची_डॉक्टरीण_नाही, शिवी पोचली, कबूल. माझ्या पोटाच्या स्नायूंमधली फट तेव्हा अडीच बोटं होती हे मला नंतर कळलं. आता बाळंतिणी आल्या की मी आधी फिजिओकडे पाठवते, मगच वर्गात घेते. दोघी चिडून दुसरीकडे गेल्या, जाऊ देत.

@थंडीतली_माऊ, “तू झोप” हे शब्द माझ्या बाईंनी फोनवर “पाय भिंतीला लावून पडायचं” असे उच्चारले होते बहुतेक.

—

डबेवाला_नवरा

बायकोने धागा वाचला. तिचं म्हणणं, माझ्या पोळ्या फुगतात हे विधान अर्धसत्य आहे. तिचा एक प्रश्न आहे: तिचे वर्ग बालवाडीच्या हॉलमध्ये असतात, तिथे पाठ काढलेल्या खुर्च्या नाहीत, आणि ऑनलाइन महाग पडतात. तुम्ही कुठून घेतल्या?

—

रिकामटेकडा_पंडित

खुर्चीवर पतंजलींचं एकही सूत्र नाही याची नोंद घ्यावी. (हलके घ्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मीही खुर्चीवरच करतो.)

—

सतरंजी

@डबेवाला_नवरा, वहिनींना सांगा, साधी घडीची लोखंडी खुर्ची घ्यायची, मंगल कार्यालयात असते ती. जुनी मिळाली तर उत्तम, नवीपेक्षा पत्रा जाड असतो. बसून हलवून बघा, डुगडुगत असेल तर नको. मग जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊन पाठीचा पत्रा काढून घ्यायचा, दोन्ही बाजूंचा सांगाडा आणि वरची दांडी तशीच ठेवायची. तो विचारेल, “ताई, चांगली खुर्ची का मोडताय?” त्याला समजावत बसू नका. पत्रा जिथून कापला तिथल्या कडा घासून गुळगुळीत करून घ्या आणि वर रंगाचा हात द्यायला सांगा. आणि खालच्या चारही पायांना रबरी बूच हवेतच, नाहीतर फरशीवर सरकते. माझ्या पहिल्या खुर्चीची कड घासायची राहिली होती, तिने दोन टी-शर्ट आणि चिरंजीवांची एक चड्डी फाडली.